दार उघडं होतं : एका पाणी वापर संस्थेच्या एसएमएस गेटवेचं प्रकरण

रात्री पावणेदहाला फोन वाजला. पलीकडे भडगाव तालुक्यातल्या एका पाणी वापर संस्थेचे सचिव. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही. "स्क्रीनवर २३६ मेसेज हिरवे दिसताहेत. मग सात नंबर चारीवाले मला का विचारताहेत, पाळी कधी म्हणून?"

जानेवारीतलं आवर्तन सुरू होतं. गहू ओंबीवर, हरभरा घाट्यात. सात नंबर चारीचं दार रात्री साडेअकराला उघडायचं होतं आणि ज्यांचं रान सगळ्यात आधी भिजायचं होतं, नेमक्या त्यांनाच काही कळलेलं नव्हतं. मी पाचोऱ्यात नेटवर्किंगची कामं करतो. संस्थेचा एसएमएस गेटवे, म्हणजे सभासदांचे मेसेज पाठवणारी आणि घेणारी यंत्रणा, दोन वर्षांपूर्वी मीच बसवला होता. त्यामुळे खाली जी चूक सांगतोय ती बहुतांशी माझी आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

मांडणी

जामदा डाव्या कालव्याच्या एका वितरिकेवर ही संस्था आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याखाली नोंदलेली. पाणी घनमापाने मोजून घ्यायचं आणि सभासदांना पाळीने वाटायचं. पाळी म्हणजे शेजपाळी: पाणी आधी शेपटाला, मग एकेक शेत वर सरकत मुखाकडे. शेपटाच्या शेतकऱ्याचं पाणी वरच्यांनी मधल्या मधे फोडू नये म्हणून ही रीत. ती चालायची तर प्रत्येकाला आपली वेळ आधी माहीत हवी. थंडीत रात्री साडेअकराला फावडं घेऊन बांधावर उभं राहायचं, तर निदान त्या रात्रीच उभं राहायचं आहे एवढं तरी नक्की असावं.

व्हॉट्सअ‍ॅप का नाही, हा प्रश्न दर वार्षिक सभेत येतो. आप्पांचं उत्तर ठरलेलं आहे: ग्रुपवर सकाळी फुलं, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी श्रद्धांजली, त्यात पाळी कोण शोधणार? शिवाय रात्री शेतावर जाणारे निम्मेअधिक लोक साधा बटणांचा फोन नेतात. पाण्यात पडला तरी हळहळ नको म्हणून.

तर कार्यालयात एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि कॅनल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. हे नाव ऐकून समितीतल्या एका सभासदाने खुशीत विचारलं होतं, "आपल्या कॅनॉलवरूनच नाव ठेवलं का?" नाही. हा गेटवे फिनलंडमधल्या एका कंपनीत १९९९ च्या सुमाराला सुरू झाला. पण गंमत अशी की काम बरंचसं कॅनॉलचंच. एका बाजूने मेसेज येतो, तो कोणत्या चारीत सोडायचा हे ठरवायचं.

कॅनलचे दोन भाग आमच्या कामाचे. बेअररबॉक्स हा मुख्य. बाहेरच्या जगाशी असलेले सगळे दुवे तो सांभाळतो आणि कोणता मेसेज कोणत्या दुव्याने जाईल हे ठरवतो. एसएमएसबॉक्स हा त्याचा कारकून. संस्थेच्या प्रोग्रामकडून मेसेज घेतो, आलेल्या मेसेजचा पहिला शब्द पाहून तो योग्य ठिकाणी देतो. सगळी रचना एकाच मजकुराच्या फाइलमध्ये, गटागटाने लिहिलेली.

बाहेरचे दुवे तीन. पहिला 'सेवा': एका बल्क एसएमएस पुरवठादाराशी इंटरनेटवरून एसएमपीपी जोडणी (एसएमपीपी म्हणजे घाऊक मेसेज देण्याघेण्याची ठरलेली पद्धत). सभासदांना जाणारे सगळे मेसेज यानेच जायचे, संस्थेच्या नोंदलेल्या सहा अक्षरी हेडरने, म्हणजे नंबराच्या जागी दिसणाऱ्या नावाने. दुसरा 'सभासद' नावाचा यूएसबी मोडेम, त्यात साधं सिम. शेतकरी त्यावर 'पाळी' आणि आपला खातेक्रमांक पाठवून वेळ विचारतात. तिसरा तसाच 'पाटकरी' मोडेम. त्यावर पाटकरी 'उघड ७' किंवा 'बंद ७' असं कळवतात आणि संस्थेच्या वहीत दाराची वेळ आपोआप पडते. दोन्ही मोडेम येणाऱ्या मेसेजसाठी, फार तर एखाद-दुसऱ्या उत्तरासाठी. घाऊक पाठवणी त्यांच्यावरून करायची नाही, हे मला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं. कॅनलला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री

आधी घरूनच लॉगिन करायला गेलो. होईना. कार्यालयाचं इंटरनेट चालू आहे असं आप्पा सांगत होते, म्हणजे बाहेरून दिसणारा आयपी पत्ता, इंटरनेटवरचा आमचा घरक्रमांक, बदलला असणार. मोटारसायकल काढली. जानेवारीत गिरणाकाठच्या रस्त्यावर हेल्मेटच्या फटीतून जो वारा आत शिरतो, त्याची ओळख ज्याची त्याला. पोचलो तेव्हा आप्पा आणि त्यांचा पुतण्या कागदी यादी घेऊन एकेकाला फोन लावत बसले होते. त्या क्षणी तोच सगळ्यात शहाणा उपाय होता. माझा फोनही त्यांना देऊन टाकला आणि मी मशीनसमोर बसलो.

पोर्ट १३००० वर बेअररबॉक्सचं स्थितीपत्रक पाहता येतं. 'सेवा' दुव्यासमोर लिहिलं होतं, री-कनेक्टिंग. आणि दोन मोडेम, ज्यांनी काही पाठवायचंच नव्हतं, त्यांच्यासमोर पाठवलेल्या मेसेजचे मोठे आकडे, त्याखाली फसलेल्यांचेही. पाहूनच पोटात गोळा आला.

लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, मागे गेलो. चार वाजून गेल्यावर वीज गेलेली. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच बसली होती, मशीन बंद पडलं, वीज आल्यावर आपोआप सुरू झालं. राउटरही नव्याने सुरू झाला आणि त्याला नवा आयपी पत्ता मिळाला. पुरवठादाराकडे आमचा जुना पत्ता नोंदलेला. नव्या पत्त्यावरून आलेला लॉगिन त्याने नाकारला. लॉगमध्ये दर थोड्या वेळाने तीच ओळ: लॉगिन रिजेक्टेड, बाइंड फेल्ड. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, माणूस ओळखीचा, पण दारात उभा राहिला तो भलत्याच पत्त्यावरून.

पुढे संध्याकाळी सहा चाळीसला संस्थेच्या प्रोग्रामने नेहमीप्रमाणे २३६ मेसेज गेटवेकडे दिले. 'सेवा' बंद. मेसेज थांबून राहायला हवे होते. ते थांबले नाहीत, मोडेमवरून निघाले.

दिवसाला १०० मेसेज असं दोन्ही सिमच्या पॅकचं माप. आता इथे मराठीचा हिशेब येतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत सात बिटांचं अक्षर, म्हणून १६०. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणून ७०. मजकूर त्याहून मोठा झाला की तुकडे पडतात आणि तुकडे जोडण्याची माहितीही आतच ठेवावी लागते, म्हणून दर तुकड्यात ६७. बरं, ही ७० अक्षरं म्हणजे आपण पाटीवर मोजतो ती नव्हेत. 'रात्री' डोळ्याला दोन अक्षरं. फोनला र, काना, त, हलन्त, र, दीर्घ ईकार, अशा सहा जागा.

मेसेजचा गाभा असा होता: 'चारी ७: पाळी २२ जाने, रात्री ११.३० ते पहाटे ३. दार उघडे ठेवू नये.' मोजून पाहा, ६५ जागा. एका एसएमएसमध्ये सुखाने बसतो. पण समितीच्या आग्रहाखातर त्याच्याआधी 'सभासद बंधूंना कळविण्यात येते की,' ही प्रस्तावना होती. तिच्या, पुढच्या मोकळ्या जागेसह, ३३. एकूण ९८, म्हणजे दोन तुकडे. दोन तुकडे म्हणजे पॅकमधून दोन मेसेज. प्रत्येक सिमवरून फार तर पन्नास माणसं झाली आणि कोटा संपला. दोन्ही मिळून शंभराच्या आत. उरलेले, निदान १३६, फसले.

आणि ते उरलेले कोण? प्रोग्राम यादी खातेक्रमांकाने वाचायचा. खातेक्रमांक मुखापासून खाली दिलेले. पाणी शेपटाकडून वर, यादी मुखाकडून खाली. ज्यांची पाळी पहाटेनंतर होती त्यांना मेसेज मिळाला. ज्यांना साडेअकराला बांधावर हजर व्हायचं होतं त्यांना नाही.

ज्यांना मिळाला त्यांचीही तऱ्हा ऐका. मेसेज संस्थेच्या हेडरने न येता एका अनोळखी दहा आकडी नंबरवरून आला. हल्ली अशा नंबरवरून कुणी काही सांगितलं की लोक आधी फसवणूकच समजतात, आणि बरोबरच करतात. एका सभासदाने आप्पांना फोनवर सांगितलं, "मेसेज उना व्हता, पन मी डिलीट कया. आपला नंबर नव्हता तो."

अकराच्या आत तीन फोनवरून सात नंबर चारीचे बहुतेक लोक गाठले. दोघे नाही सापडले. त्यांची पाळी त्या रात्री चुकली. आप्पांनी ती आवर्तनाच्या शेवटी लावून दिली. त्यावर पुढच्या सभेत जे झालं ते इथे लिहीत नाही.

पसंती आणि परवानगी

फाइल उघडली. 'सेवा' गटात मी लिहिलेलं होतं: प्रेफर्ड-एसएमएससी-आयडी (म्हणजे पसंतीच्या दुव्याचं नाव), समोर 'सेवा'. संस्थेचा प्रोग्रामही प्रत्येक मेसेजवर 'सेवा' असा शिक्का मारूनच देत होता. दोन वर्षं सगळं तसंच चाललं आणि म्हणून मला वाटत होतं की मार्ग पक्का आहे.

बेअररबॉक्स मार्ग कसा निवडतो ते नीट पाहिलं की वाटण्यातली फट दिसते. मेसेज हातात आला की तो एकेक दुवा तपासतो. दुवा जिवंत आहे का? या मेसेजला त्याने मनाई केली आहे का? नसेल, तर हा मेसेज त्याच्या पसंतीचा आहे का? पसंतीचा दुवा सापडला तर काम झालं. नाही सापडला, तर मनाई न केलेल्या जिवंत दुव्यांपैकी ज्याच्यावर ओझं कमी त्याला मेसेज देऊन मोकळा. त्या संध्याकाळी 'सेवा' जिवंत नव्हता. मोडेम दोन्ही जिवंत होते. त्यांच्या गटात मी नाव, पोर्ट आणि नंबर एवढंच लिहिलेलं. मनाई कुठेच नाही. 'सेवा'चा शिक्का असलेला मेसेज 'पाटकरी' मोडेमवरून जाऊ नये असं त्या फाइलमध्ये एका शब्दाने म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे पाटकरी नानांना सांगायचा प्रयत्न केला. नाना चाळीस वर्षं पाटावर आहेत. मी पसंती, परवानगी, दुवा असं बोलत होतो. त्यांनी मधेच थांबवलं. "दार उघडं व्हतं ते पानी जाईच ना भाऊ." पुढे त्यांनीच समजावलं की मुख्य दार बंद करून भागत नाही, बाजूच्या चारीचं दार माती लावून, बारदान कोंबून बंद करावं लागतं, नाहीतर पाणी उताराला सापडेल तिकडे जातं. दोन वर्षांपूर्वी फाइल लिहिताना नाना शेजारी असते तर बरं झालं असतं.

दुरुस्ती ओळींच्या हिशेबाने फारच थोडी. 'सेवा' गटात पसंतीच्या जागी अलाऊड-एसएमएससी-आयडी, म्हणजे फक्त 'सेवा'चा शिक्का असलेले मेसेज इथे चालतील. 'सभासद' मोडेमला फक्त 'सभासद', 'पाटकरी'ला फक्त 'पाटकरी'. हे लिहिलं की दुसऱ्या शिक्क्याचा किंवा बिनशिक्क्याचा मेसेज त्या दुव्यावरून जाऊच शकत नाही. आलेल्या मेसेजला उत्तर देताना कॅनल मूळ दुव्याचाच शिक्का लावतो, त्यामुळे शेतकऱ्याला आणि पाटकऱ्याला मिळणारी उत्तरं पूर्वीसारखी सुरू राहतात. वर पाठवणाऱ्या खात्याच्या गटात फोर्स्ड-एसएमएससी 'सेवा' असं टाकलं. उद्या प्रोग्राम शिक्का मारायला विसरला तरी गेटवे मारेल.

काही जण म्हणतील, पर्यायी मार्ग असणं चांगलंच की. इतर ठिकाणी असेलही. एकाच कामाचे दोन एसएमपीपी दुवे असतील तर त्यांना एकच नाव द्यावं, ओझं आपोआप वाटलं जातं. पण साध्या सिमवरून घाऊक मेसेज हा पर्यायच नव्हे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार अशा मेसेजसाठी पाठवणारी संस्था, हेडर आणि मजकुराचा नमुना हे सगळं डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर, नोंदलेलं हवं. साध्या नंबरवरून गठ्ठ्याने मेसेज गेले की तो नंबर बिननोंदणीचा टेलिमार्केटर ठरू शकतो. आमच्या 'सभासद' सिमची बाहेर जाणारी सेवा दुसऱ्या दिवशी बंद झालेली सापडली; ती सुरू करून घ्यायला कागदपत्रं घेऊन दोन चकरा झाल्या.

दोन मोडेम, एकच चेहरा

त्या रात्री अकराच्या सुमाराला नानांचाही फोन आला होता. "तुमनं मशीन माले इंग्रजीमा सॉरी सॉरी म्हनस."

नानांनी सात नंबरच्या आधी सहा नंबर बंद केल्याचा मेसेज संध्याकाळीच, सिमचा कोटा संपायच्या आधी, पाठवला होता. उत्तर आलं, 'कुड नॉट फेच कंटेंट, सॉरी'. हे कॅनलचं तयार उत्तर. ज्या पत्त्यावरून माहिती आणायची तो हाताला लागला नाही की आपोआप जातं. पण 'बंद' या शब्दाची सेवा तर व्यवस्थित चालू होती. मग?

दोन्ही मोडेम एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. लिनक्समध्ये प्रत्येक मोडेम एकदम तीन पोर्ट दाखवतो: पहिल्याचे टीटीवाय-यूएसबी शून्य, एक, दोन; दुसऱ्याचे तीन, चार, पाच. मी फाइलमध्ये शून्य म्हणजे 'सभासद' आणि तीन म्हणजे 'पाटकरी' असं लिहिलं होतं. पण हे आकडे मोडेमला चिकटलेले नसतात. मशीन सुरू होताना जो मोडेम आधी जागा होईल त्याला शून्य. त्या दुपारी वीज आली आणि दुसरा मोडेम आधी जागा झाला. पाटकऱ्यांचे मेसेज 'सभासद' नावाने आत येऊ लागले. 'बंद' ही सेवा फक्त 'पाटकरी' दुव्यावरून स्वीकारायची, कारण कुणीही सभासदाने दार बंद झाल्याचं कळवू नये. म्हणून नानांचा मेसेज कुठेच बसला नाही आणि शेवटच्या 'डिफॉल्ट' सेवेत जाऊन पडला. तिचा पत्ता मी चाचणीच्या वेळी दिलेला, केव्हाच बंद झालेला. त्यावर मशीन सॉरी म्हणालं.

याच 'डिफॉल्ट'मुळे कोटा संपेपर्यंत शेतकऱ्यांच्या 'पाळी' विचारणाऱ्या मेसेजनाही तेच इंग्रजी उत्तर जात होतं आणि सिमच्या शंभरातून तेवढं कापलं जात होतं. सिम कंपनीने पॅकची जाहिरात पाठवली, तर तिलाही आमच्या मशीनने सौजन्याने सॉरी म्हणायचा प्रयत्न केल्याचं लॉगमध्ये दिसलं.

इलाज: मोडेमला आकड्याने ओळखायचं नाही, तो कोणत्या भोकात खोचला आहे त्यावरून ओळखायचं. अनुक्रमांकावरून ओळखणं जास्त बरं, पण या स्वस्त मोडेमना वेगळा अनुक्रमांकच नव्हता, दोघांचा सारखा. म्हणून यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या भागाचा) नियम लिहून मशीनच्या मागच्या डाव्या भोकाला 'सभासद' आणि उजव्याला 'पाटकरी' असं कायमचं टोपणनाव दिलं आणि कॅनलच्या फाइलमध्ये तेच टाकलं. आप्पांच्या पुतण्याने दोन्ही भोकांशेजारी मार्करने 'स' आणि 'पा' लिहिलं. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हेच सगळ्यात टिकाऊ काम. 'डिफॉल्ट' सेवेत मॅक्स-मेसेजेस शून्य केलं, म्हणजे अनोळखी मेसेजला उत्तरच जाणार नाही. आणि तयार उत्तरांचा मजकूर बदलून मराठी केला: 'मेसेज समजला नाही. कार्यालयात फोन करा.'

'गेला' म्हणजे काय

स्क्रीनवरचे २३६ हिरवे ठिपके मला सगळ्यात जास्त खटकत होते. मार्ग चुकला हे एकवेळ समजू शकतं. पण चुकलेलं असताना हिरवं दिसणं म्हणजे वहीत खोटी नोंद.

प्रोग्राम मेसेज देतो तेव्हा एसएमएसबॉक्स म्हणतो, 'शून्य: अ‍ॅक्सेप्टेड फॉर डिलिव्हरी'. अर्थ एवढाच की पोस्टाच्या पेटीत पत्र पडलं. आमचा प्रोग्राम तिथेच हिरवा ठिपका देत होता. खरी बातमी पुढे येते, डीएलआर म्हणजे पोहोच-अहवालाने. कॅनलमध्ये त्याचे आकडे असे: १ म्हणजे फोनवर पोचला, २ म्हणजे पोचू शकला नाही, ४ म्हणजे कंपनीच्या केंद्रात रांगेत, ८ म्हणजे केंद्राने स्वीकारला, १६ म्हणजे केंद्रानेच नाकारला. जे हवे त्यांची बेरीज करून मागायची. मी १, २, ८ आणि १६ मागितले, बेरीज २७. हिरवा ठिपका फक्त १ आल्यावर. ८ आला की पिवळा, २ किंवा १६ आला की लाल.

मागितले, पण १ येईचना. दुसऱ्या दिवशी आयपी पत्त्याचं प्रकरण मिटून 'सेवा' सुरू झाला होता, माझ्या फोनवर चाचणीचा मेसेज पोचत होता, स्क्रीन मात्र पिवळी. पुरवठादाराच्या मदतकक्षाने तीनदा सांगितलं की अहवाल आमच्याकडून जातोय. शेवटी लॉगची पातळी वाढवून दोन्ही बाजूंचे क्रमांक शेजारी ठेवले. मेसेज स्वीकारताना त्यांचं केंद्र क्रमांक द्यायचं सोळांच्या पद्धतीत. पोहोच कळवताना तोच क्रमांक दहांच्या पद्धतीत. म्हणजे जाताना १ए२एफ, येताना ६७०३. दोन्ही एकच संख्या, पण कॅनल अक्षरं जुळवून पाहत होता. ६७०३ कुणाचा, त्याला ओळख पटत नव्हती, आणि तो अहवाल टाकून देत होता. यासाठी एमएसजी-आयडी-टाइप नावाची एक ओळ आहे. तिथे १ लिहिलं की स्वीकृती सोळांची आणि पोहोच दहांची असं धरलं जातं. एका आकड्याने स्क्रीन हिरवी झाली. या एका आकड्यापायी माझी अख्खी दुपार गेली होती. शिवाय डीएलआरची नोंद नुसत्या मेमरीत होती, ती डेटाबेसमध्ये हलवली. नाहीतर पुन्हा वीज गेली की कोणत्या मेसेजची पोहोच यायची आहे हेच मशीन विसरणार.

एक ऱ्या

हे सगळं झाल्यावर आणखी एक प्रकार निघाला. 'आज पाणी बंद. पाटकऱ्याशी बोला.' हा मेसेज कधी जायचा, कधी सरळ नाकारला जायचा. मजकूर अक्षर न् अक्षर तोच.

डीएलटीवर मजकुराचा नमुना आधी नोंदवायचा असतो. बदलत्या जागी व्हेरिएबल, दर व्हेरिएबलला ३० पर्यंत जागा. जाणारा प्रत्येक मेसेज त्या नमुन्याशी ताडून पाहिला जातो. ८ मार्च २०२१ ला ही ताडणी सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ती आठवडाभर थांबवावी लागली होती, हे अनेकांना आठवत असेल. एसएमपीपीमध्ये संस्थेचा आणि नमुन्याचा क्रमांक मेसेजला जोडून द्यावा लागतो, सोळांच्या पद्धतीतले १४०० आणि १४०१ हे त्यांचे टॅग. कॅनलमध्ये एसएमपीपी-टीएलव्ही नावाचा गट लिहून ते जोडले होते, आणि ते बरोबर होते.

चूक 'ऱ्या'मध्ये होती. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या संकेतात, दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याच्या र-ला हलन्त देऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर, फोनवर, कुठेही पाहा, दोन्ही सारखेच दिसतात. नमुना मी लॅपटॉपवर टाइप करून नोंदवला होता, पहिल्या रीतीने. आप्पांचा पुतण्या कधीकधी मोबाइलवरून मजकूर टाइप करून टाकायचा आणि त्याचा कीबोर्ड दुसऱ्या रीतीने लिहायचा. ताडणाऱ्या यंत्राला डोळे नसतात, त्याला आकडे दिसतात. हिंदी मजकुरात हा प्रश्न सहसा येत नाही, म्हणून मदतकक्षातल्या माणसालाही तो कधी भेटला नव्हता. आता प्रोग्राम मजकूर पाठवण्याआधी दुसऱ्या रीतीचा ऱ्या पहिल्या रीतीचा करून घेतो. मजकूर हाताने टाइप करण्याची सोयही काढून टाकली. नमुना निवडायचा, रिकाम्या जागा भरायच्या.

तारेची चाचणी

बाकीचं पटापट सांगतो. इंटरनेटवाल्याकडून कायमचा आयपी पत्ता घेतला. इन्व्हर्टरला नवी बॅटरी. यादी खातेक्रमांकाऐवजी पाळीच्या वेळेने लावली. हे काम दहा मिनिटांचं होतं आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नवा नमुना नोंदवून प्रस्तावना काढली, समितीने थोडी कुरकुर केली, बिल निम्म्यावर येणार म्हटल्यावर थांबली.

दार बंद केलं की मेसेज साचणार, हेही पाहायला हवं होतं. 'सेवा' बंद असताना मेसेज बेअररबॉक्सच्या रांगेत थांबतात. ती रांग डिस्कवर ठेवली, म्हणजे मशीन बंद पडून सुरू झालं तरी शाबूत. पण पाळीचा मेसेज पाळी उलटून गेल्यावर मिळणं हे न मिळण्यापेक्षा वाईट. माणूस दुसऱ्याच्या पाण्यावर जाऊन भांडण करील. म्हणून प्रत्येक मेसेजला व्हॅलिडिटी मिनिटांत दिली. सहा चाळीसला निघालेला, साडेअकराच्या पाळीचा मेसेज असेल तर २९० मिनिटं. त्यानंतर केंद्राने प्रयत्न सोडायचा. आणि 'सेवा' सलग पंधरा मिनिटं तुटलेला दिसला की 'पाटकरी' मोडेमवरून आप्पांना आणि मला एकेक मेसेज.

फेब्रुवारीच्या आवर्तनाआधी समितीच्या बैठकीत संध्याकाळी सगळ्यांसमोर राउटरची तार उपटली आणि पाठवणी सुरू केली. रांगेत २३६. मोडेमसमोर शून्य. चहा झाला. सोळाव्या मिनिटाला आप्पांच्या खिशात फोन वाजला, तोपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. तार पुन्हा खोचली आणि अर्ध्या मिनिटात रांग रिकामी.

साडेअकरापर्यंत २२१ हिरवे झाले. पंधरा पिवळे किंवा लाल राहिले: कुणाचा फोन बंद, कुणी नंबर बदललेला. आप्पांनी ते पंधरा खातेक्रमांक कागदावर उतरवून नानांना दिले. नानांनी चिठ्ठी बंडीच्या खिशात घातली, बॅटरी घेतली आणि सात नंबरच्या शेपटाकडे निघाले.